तळवे

टँकरचा हॉर्न वाजला तशा वस्तीवरच्या बाया हंडे-कळशा घेऊन सडकेकडं पळाल्या. ज्ञानेश्वरीनंही हंडा काखेत घेतला. गोठ्याच्या सावलीपासून सडकेपर्यंत नुसता फुफाटा होता. चैत्र सरता सरताच तो इतका तापला होता, की कुत्रीसुद्धा बांधाच्या कडेच्या सुकल्या गवतावरून चालत. तिनं पायांत नवऱ्याच्या, अमृतच्या, जुन्या रबरी चपला घातल्या होत्या. मापानं मोठ्या होत्या, म्हणूनच बऱ्या. कुठं घासत नसत.

जाताना काही झालं नाही. येताना, भरला हंडा डोक्यावर असताना, उजव्या टाचेत चुणचुण सुरू झाली. टाचेतून तळव्यात, तळव्यातून बोटांत. अंगणात येईपर्यंत दोन्ही पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले होते आणि सुजून चपलांच्या पट्ट्यांत रुतले होते. तिनं हंडा रांजणात रिकामा केला, तांब्याभर पाणी मागं ठेवलं आणि ते घमेल्यात ओतून पाय आत घातले. तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

ओसरीवर तिची सासू बनुबाई बसली होती.

"प्यायला पानी पुरंना, आन् हितं पायांला आंघोळ."

"वाया न्हाई घालवत आत्याबाई. म्हशीलाच पाजती नंतर."

"म्हशीला! परवा साळूबाई टँकरवर काय म्हन्ली, ऐकलंस न्हवं? तुमची म्हैस म्हनं सुनंचं चरनतीर्थ पिती. समद्या बाया हासल्या माज्या तोंडावर."

त्या दिवसापासून घमेल्यातलं पाणी म्हशीला न जाता दारातल्या लिंबोणीच्या बुडाला जाऊ लागलं.

हे दुखणं तिला मुलीच्या, कार्तिकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर लागलं, असं सगळे म्हणत. कार्तिकी आता तिसरीत होती. इतक्या वर्षांत कर्जतच्या एका डॉक्टरानं साखर तपासली, ती नव्हती. दुसऱ्यानं रक्त कमी म्हणून सुया टोचल्या. तिसऱ्यानं फोटो काढला आणि हाडं एकदम चांगली आहेत म्हणून सांगितलं. देवरशानं लिंबू उतरवून टाकलं. सुरुवातीला बनुबाईनं स्वतः काशाच्या वाटीनं तिच्या तळव्यांना तूप चोळलं होतं. चोळता चोळता तिचाच हात चटकला, तेव्हा ती घाबरून म्हणाली होती, "बया गं, तवाच की हा!" तेव्हा तिला सुनेची कीव आली होती. पण कीव किती दिवस पुरणार? माणूस मारत नाही आणि बरंही होत नाही असं दुखणं घरात राहिलं, की ते हळूहळू दुखणं राहत नाही, त्या माणसाचा स्वभाव होऊन बसतं. ज्ञानेश्वरीचा स्वभावच तसला, असं आता घरात सगळे धरून चालले होते. सकाळी तेच पाय गोरे, गार, कुणाच्याही पायांसारखे असत. दाखवायला काही नसे.

कांदा काढायला आला तसं घरातलं कुणी मोकळं राहिलं नाही. बनुबाई, नणंद मोनिका, ज्ञानेश्वरी आणि वस्तीवरच्या बाया ओळीनं बसून पात काटत होत्या. अमृत गोणी भरून बांधावर नेत होता. सकाळचा वेळ बरा गेला. ऊन डोक्यावर आलं आणि जमीन खालून वाफ टाकायला लागली, तेव्हा ज्ञानेश्वरीला एका जागी बसवेना. उकिडवं बसलं की पायांत रक्त उतरे, मांडी घातली की तळव्याला तळवा लागे. ती काटलेल्या पातीचा ढीग पायांवर ओढून घेऊन बसली. पातीचा गारवा घटकाभर टिकला. मग तिनं विळ्यानं जमीन उकरायला सुरुवात केली. वरची माती भाजत होती. वीतभर खाली थोडी ओल लागली. तिनं दोन्ही पाय त्या खड्ड्यात घातले, वरून ओली माती ओढली आणि पुन्हा कांदे काटू लागली.

"पाय पेरलेत का काय गं?" साळूबाई म्हणाली. "उगवून आलं तर आमाला बी एक जोड दे."

बाया हसल्या. मोनिकाही हसली आणि मग वहिनीकडं बघून गप्प झाली. हसणं ऐकून अमृत आला. त्यानं बायकोचे मातीत गाडलेले पाय पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. ती रात्री तळमळायची तेव्हा दोन-चारदा उठून त्यानं तिला वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला होता. पण चारचौघांत त्याचा चेहरा आवळला.

"ऊठ. घरी जा," तो दातांत म्हणाला. "लोकांत तमाशा नको."

"हात चाललेत माजे. मागं न्हाई पडले मी कुनाच्या."

"जा म्हनतो ना."

ती उठली. पायांची माती झटकली नाही. सुकेपर्यंत तेवढाच गारवा. बांधावरून घरी जाताना तिच्या मनात आलं, हात गेले असते तर लोकांनी कीव केली असती. पाय आहेत, दिसतात, चालतात आणि आतून जळतात, याला काय म्हणायचं ते गावाला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं.

चार दिवसांनी तिचा भाऊ सहादेव मोटारसायकलवर आला. ज्ञानेश्वरीचं माहेर कोल्हारजवळ, प्रवरेच्या पाटालगत. धरणातून पाणी सुटलं होतं. त्यानं बहिणीचे पाय बघितले आणि बनुबाईला म्हणाला, "मावशी, उन्हाळाभर नेतो हिला. पाट भरून चाललाय आमच्याकडं."

"न्या की," बनुबाई म्हणाली. "पाऊस पडंस्तवर ऱ्हाऊ द्या. पोरगी ऱ्हाईल हितं, तिची परीक्षा हाय."

पाऊस पडला नाही तर काय, हे कुणी बोललं नाही. दुखण्यासाठी म्हणून माहेरी धाडलेल्या बायांचं पुढं काय होतं, ते ज्ञानेश्वरीला माहीत होतं. वस्तीवरच एका सुनेची जागा अशी रिकामी झाली होती आणि वर्षाच्या आत भरलीही होती. कार्तिकी दारात उभी होती. ज्ञानेश्वरीनं तिच्या वेणीला नवी फीत बांधली आणि मागं न बघता गाडीवर बसली.

पाटात पाय सोडले तेव्हा ती रडली. बायडाबाईला, तिच्या आईला, वाटलं पोरीला फार दुखतंय. दुखत नव्हतं म्हणूनच ती रडत होती. वाहतं, गढूळ, गार पाणी तळव्यांखालून सरसर जात होतं आणि किती वर्षांत पहिल्यांदा तिला पाय आहेत याचा विसर पडला. सकाळी गुरांचं आटोपलं की ती पाटाच्या कडेला जाऊन बसे. तिथंच भाजी निवडे, तिथंच जेवे. दुपारी बाभळीच्या बुंध्याला टेकून झोपे, पाय पाण्यात. आई हाक मारायची तेव्हा "आले, आले" म्हणत दिवस मावळे.

पाय पाण्यातून काढले की आग दुपटीनं येई. मग ती पुन्हा पाण्यात घाली. तळवे पांढरे पडले, सुरकुतले, बोटांच्या बेचक्यांतली कातडी बोटानं पुसली तरी निघू लागली. मग टाचेला भेग पडली, भेगेत पू झाला आणि एका सकाळी ती तापानं फणफणून उठली. पाट अजून भरून वाहत होता.

सहादेवनं तिला आणि आईला नगरला नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधी जखम पाहिली, मग दुसऱ्या, चांगल्या पायावर आपल्या मनगटाची मागची बाजू टेकवून ठेवली. पाय कशानं तापतो, कशानं निवतो, पांघरूण सहन होतं का, बूट घालता येतात का, असं एकामागून एक विचारत गेली. ज्ञानेश्वरी सांगत होती आणि डॉक्टरणीला ते आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिनं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. ज्ञानेश्वरीनं ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. तरी ते तोंडात बसेना.

"लाखात एखाद्याला होतं," डॉक्टरीण म्हणाली. "त्यामुळं पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या पायाच्या नसा खोटी वर्दी देतात. आग नसताना आग लागली म्हणून सांगतात. दुखणं मात्र खरं असतं."

"म्हंजी मी सोंग न्हाई करत?"

डॉक्टरीण लिहायची थांबली. "नाही," ती म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं पदर तोंडाला लावला. सहादेव उठून खिडकीपाशी गेला.

पाण्यात पाय सोडणं मात्र बंद करायला सांगितलं. तेच पाणी कातडी खात होतं. बर्फ तर मुळीच नको. पाय उशीवर उंच ठेवायचे, वाऱ्याला धरायचे, ऊन चढायच्या आत उभ्यानं करायची कामं उरकायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत.

"बरं हुईल का?"

"पूर्ण बरं होईल असं मी सांगणार नाही. कमी होईल. सांभाळता येईल." मग तिनं विचारलं, "घरात अजून कुणाला होतं का असं? आई, वडील, मुलं?"

"न्हाई," बायडाबाई झटक्यानं म्हणाली. "आमच्यात कुनाला न्हाई."

"मुलांवर लक्ष ठेवा," डॉक्टरीण म्हणाली. "कधी कधी पुढं जातं."

एसटीत बायडाबाई राहुरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. खिडकीतून झळा येत होत्या. ज्ञानेश्वरीनं पट्टी बांधलेले पाय समोरच्या सीटच्या दांडीवर टेकवले होते आणि कंडक्टर येता-जाता तिच्याकडं बघत होता. राहुरी मागं पडल्यावर बायडाबाई म्हणाली, "तुज्या बापाला हुतं."

ज्ञानेश्वरीनं वळून पाहिलं. तिचा बाप, आप्पासाहेब, वारून सहा-सात वर्षं झाली होती.

"आख्ख्या शिवारात रातचं पानी धरायला तेच. आपलं झालं की दुसऱ्याचं धरायचे. लोक म्हनायचे, आप्पासाहेब लई कामाचा मानूस. कामाचं कसलं आलंय? पाय पान्यात ऱ्हायचे, म्हनून. तुज्या लग्नात सुदीक चप्पल न्हवती पायात, आठवतंय का?"

आठवत होतं. मांडवात बाप अनवाणी फिरत होता आणि पाहुण्यांनी त्याच्या साधेपणाचं कौतुक केलं होतं.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"आन घातली हुती त्यांनी. पोरीच्या लग्नात आडवं यील म्हनायचे. त्यांच्याकडं पाट हुता, त्यांचं निभलं. तुला बी हाय ह्ये तवा त्यांना ठावं न्हवतं गं. मला बी न्हवतं. तू पाटात खेळायचीस, तवा वाटायचं, पोरीला पान्याची आवड."

ज्ञानेश्वरीला बापाचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिच्या डोळ्यांपुढं त्याची पाठ येत राहिली: खांद्यावर फावडं, वर खोचलेलं धोतर, अंधारात बारं मोडून पाणी वळवत जाणारी. सगळ्या जन्मात त्यानं एकदाही "आई गं" म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तेव्हा तिला ते मोठं वाटायचं.

टाच भरून आली तसा अमृत तिला न्यायला आला. मोनिकाला बघायला श्रीगोंद्याकडचे पाहुणे येणार होते, घरात हात कमी पडत होता. जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरणीचं, बापाचं. अमृत भाकरीचा तुकडा हातात धरून बसला.

"खोटं न्हवतं म्हंजी," तो म्हणाला.

"तुमाला खोटं वाटत हुतं?"

त्यानं तुकडा पुन्हा ताटात ठेवला. मग म्हणाला, "आईला सांगू आपन. पन पाव्हनं यिऊन गेल्यावर. आधी नको."

सासरी आल्यावर तिनं घमेलं माळ्यावर टाकलं. पहाटे, झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून ती म्हशीची धार, झाडलोट, भाकरी उरकी. ऊन अंगणात आलं की ओसरीवरच्या बाजेवर बसे, गोधडीची वळकटी करून तीवर पाय ठेवी आणि बसून करायचं असेल ते काम ओढून घेई. लसूण सोलणं, डाळ पाखडणं, गोण्या शिवणं. गोळ्यांनी डोळे जड होत. आग येई, पण पहिल्यासारखी भडकत नसे. राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसून निवे.

बनुबाईला मात्र हे पाण्यापेक्षा अवघड वाटलं. पाण्यातले पाय कोपऱ्यात तरी असत. हे पाय सगळ्यांसमोर, बाजेवर, वर.

"देव्हाऱ्याकडं पाय करून बसलीस?"

ज्ञानेश्वरीनं बाज फिरवली.

"आता दाराकडं. मड्याचे पाय करत्यात दाराकडं."

तिनं पुन्हा फिरवली. आता पाय बनुबाईच्या बसायच्या जागेकडं आले.

"मग कुटं करू आत्याबाई?"

"कर माज्याच तोंडाकडं," बनुबाई म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली.

दुपारची गोष्ट. घरात सगळे आडवे झाले होते. ज्ञानेश्वरी पाणी प्यायला आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. रांजणाच्या कोपऱ्यात कार्तिकी जमिनीवर उताणी पडली होती. परकर गुडघ्यापर्यंत सरकलेला, आणि दोन्ही तळवे रांजणाच्या ओल्या, गार पोटाला चिकटवून ठेवलेले. डोळे मिटले होते. तळव्यांची जागा तापली की ती पाय थोडे बाजूला सरकवी, आणि पुन्हा चिकटवी. हे तिला सवयीचं होतं, हे सरकवण्यावरूनच कळत होतं.

ज्ञानेश्वरी तिच्याजवळ जाऊन बसली.

"कवापास्नं?"

कार्तिकीनं दचकून पाय खाली घेतले. "काय न्हाई. उकडतंय."

"खरं सांग."

"तुला हुतं तेवढं न्हाई," पोर म्हणाली. "थोडंच. पळालं की. आन् शाळंत बूट घातले की."

"मला का न्हाई सांगितलंस?"

कार्तिकीनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तू तरी कुठं सांगतीस? तू पन गपच बसतीस. आजी रागावती." मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "मी न्हाई रडत. मला जमतं."

ज्ञानेश्वरीनं तिचे पाय मांडीवर घेतले. लहान, उष्ण, गुलाबी तळवे. आपण काय काय शिकवलं या पोरीला, ते तिला त्या क्षणी दिसलं. दात आवळायला शिकवलं, हसण्याआड लपायला शिकवलं. बापानं तिला जे दिलं, तेच तिनं पुढं दिलं होतं, आणि त्यात नुसतं दुखणं नव्हतं.

पाहुणे रविवारी आले. मुलाचे आई-वडील, मामा आणि मुलगा. ओसरीवर सतरंजी टाकली होती. बाज घराच्या मागं नेऊन ठेवली होती. "पाय झाकून ऱ्हा," बनुबाईनं सकाळीच बजावलं होतं. "इचारलंच तर मुरगळलाय म्हनावं. येवढा एक दिवस."

येवढा एक दिवस ज्ञानेश्वरीलाही निभवायचा होता. मोनिका चांगली पोरगी होती आणि स्थळ बरं होतं. तिनं मोजे घातले, गॅसपुढं उभी राहून पोहे परतले, चहा टाकला. पाय पेटले. ओट्याची कड घट्ट धरून ती उभी राहिली.

पाणी द्यायला कार्तिकीला पाठवलं होतं. नवा फ्रॉक, पांढरे मोजे, शाळेचे काळे बूट. बूट नको म्हणून ज्ञानेश्वरी सकाळी म्हणाली होती; बनुबाईनं ऐकलं नाही. पोरगी उन्हात अंगणातून सडकेपर्यंत पाहुण्यांना आणायला पळत गेली होती आणि आता तांब्या-पेल्यांचं ताट घेऊन एकेकापुढं उभी राहत होती. ज्ञानेश्वरीनं दाराआडून पाहिलं. कार्तिकी हसत होती. कपाळावर घाम होता, खालचा ओठ दातांखाली होता, आणि ती या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा या पायावर करत होती. ताटातले पेले किणकिणत होते.

"इकडं ये गं, नाव काय तुजं?" मुलाच्या आईनं विचारलं.

पोरीच्या तोंडून नाव निघेना. पेला कलंडला, पाणी सतरंजीवर सांडलं.

ज्ञानेश्वरी बाहेर आली. तिनं ताट काढून घेतलं, कार्तिकीला तिथंच, सतरंजीच्या कडेला खाली बसवलं आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. मोजे सोलून काढले. पाय लाल झाले होते, चटका बसल्यासारखे.

"आगं बाई, काय झालं पोरीला?"

"बूट चावला आसंल," बनुबाई घाईनं म्हणाली. "नवा हाय."

"व्हय," कार्तिकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "बूट चावला."

तिचं ते हसणं ज्ञानेश्वरीला बघवलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "बूट न्हाई चावला. तिच्या पायांची आग हुती. माज्या बी हुती. नसांचं दुखनं हाय, डागदरनी सांगितलंय. लागट न्हाई, कुनाच्या अंगावर जात न्हाई. माज्या बापाला हुतं, माज्या माहेरचं हाय. मोनिकाचा काय संबंद न्हाई त्याच्याशी, तिच्यात माज्या बापाचं रगत न्हाई." मग तिनं आपलेही मोजे काढले, भिंतीला टेकून बसली, गहू भरलेल्या गोणीवर पाय ठेवले आणि पोरीचे पाय आपल्या मांडीवर घेतले. "च्या ठेवलाय. मोनिका आनील."

अमृत खाली बघत होता. मुलाच्या मामानं यंदा टँकर वेळेवर येतात का, असं विचारलं. मोनिकानं चहा आणला. मुलाच्या आईनं कार्तिकीकडं एकदा पाहिलं आणि आपली साडी पायांशी आवरून घेतली. पोहे बशीत राहिले. जाताना त्यांनी "कळवतो" म्हटलं.

मध्यस्थाकरवी निरोप आला तो असा, की मुलाचं इतक्यात करायचं नाही.

मोनिका दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती बाजेपाशी येऊन म्हणाली, "मला आधी सांगायचं तरी, वहिनी."

"सांगितलं आसतं तर मला बाहीर येऊ दिलं आसतंस?"

मोनिकानं विचार केला. "न्हाई," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. तिनं माफ केलं की नाही ते कळलं नाही. पण संध्याकाळी कार्तिकीची वेणी तिनं घातली.

अमृतनं पोरीला नगरला नेऊन आणलं. डॉक्टरणीनं तेच नाव सांगितलं. परत आल्यावर त्यानं काळे बूट एका पिशवीत भरून कुणाला तरी देऊन टाकले आणि नगरहून आणलेला छोटा टेबलफॅन ओसरीवर लावला. वीज असेल तेव्हा तो फिरे. बनुबाई मात्र बोलेना. भाकरी वाढली तर खाई, विचारलं तर मानेनं उत्तर देई. सासूचे बोल झेलायची ज्ञानेश्वरीला सवय होती, पण हे गप्प राहणं तिला कुठं ठेवावं कळेना. आपण चूक केली असं तिला वाटत नव्हतं. मोनिकाचं वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे तिला नवीन होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पाऊस नव्हता, आभाळ नुसतं भाजत होतं. पहिल्या दिवशी कार्तिकी घरी आली ती रडवेली होऊन. प्रार्थनेला उन्हात फरशीवर ओळीनं उभं केलं होतं आणि सँडल घातल्या म्हणून गुरुजींनी मागं काढलं होतं.

"उद्या मी येते," ज्ञानेश्वरी म्हणाली. कोपऱ्यात बनुबाई वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी धार काढून आली तर कार्तिकी निघून गेली होती, आणि बनुबाईही घरात नव्हती. रानात गेली असेल, असं तिला वाटलं. दुपारी शाळा सुटल्यावर कार्तिकी धावत न येता चालत, सावली धरत आली. तिनं सांगितलं,

"आजी आल्ती शाळंत."

"कोन?"

"आजी. गुरुजी म्हन्ले, पोरं कायबी सोंगं घेत्यात आज्जी. तर आजी लई मोठ्यांदी बोलली. सोंग न्हाई म्हन्ली. हिच्या आजाला हुतं, आईला हाय. मी माज्या डोळ्यांनी बघतीया इतकी वर्सं. मग गुरुजींनी मला व्हरांड्यात बसवलं, बाकावर."

शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबलेली बनुबाई वेशीतून वळसा घेऊन मागून आली, घामानं थबथबलेली. ज्ञानेश्वरी बाजेवर बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती, पाय वळकटीवर. सासू दिसताच ती सवयीनं पाय ओढून घेऊ लागली.

"ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली.

ती घटाघटा पाणी प्यायली, पदरानं मान पुसली आणि येऊन बाजेच्या पायथ्याशी टेकली. तिथंच तेवढी जागा होती. सूप तिनं आपल्याकडं ओढलं. दोघींच्या बोटांखाली शेंगा फुटत राहिल्या.

"पोरीला वाटंनं इचारलं, कसं हुतं गं नेमकं," बनुबाई खाली बघतच म्हणाली. "तिला काय सांगता यीना. ल्हान हाय." तिनं एक दाणा पारखून बाजूला टाकला. "तू सांग. कसं हुतं?"

ज्ञानेश्वरीचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे एका डॉक्टरणीशिवाय तिला कुणी विचारलं नव्हतं.

"आधी टाचंत येतं," ती म्हणाली. "उजव्या."

बनुबाईनं सूप खाली ठेवलं आणि ऐकू लागली.